दुरून दिलेली आज्ञा

आज्ञा हा शब्द आपल्या कानी येतो तो बहुधा उंचावरून उतरत. राजाची आज्ञा, वडिलांची आज्ञा, गुरूची आज्ञा असे म्हणताना देणारा वर आणि झेलणारा खाली अशी एक पायरी मनात आपोआप उभी राहते, आणि ती उभी राहिली की आज्ञेचा सारा विचार झेलणाऱ्याच्या बाजूने होऊ लागतो; त्याने ती शिरसावंद्य मानली की धाब्यावर बसवली, एवढेच आपण पाहतो. देणाऱ्याने काय पाळायचे असते, हे सहसा कोणी विचारत नाही. साधकहो, मला त्या दुसऱ्या बाजूने या शब्दाजवळ जायचे आहे, आणि त्यासाठी मठाची किंवा दरबाराची वाट न धरता संगणकाच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या एका ओळीची वाट धरायची आहे, जिला तिच्या जाणकारांनी नावच आज्ञेची ओळ, कमांड लाइन, असे दिले आहे.

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात, माण हे गाव आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या शिवारात पसरला, आणि शिवाजीनगरकडून येणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेचे शेवटचे टोक व तिच्या गाड्यांचे आगार हेही इथेच आहे. भातखाचरांच्या बांधाला लागून उभ्या राहिलेल्या या काचेच्या इमारतींत जी कामे चालतात, त्यांतले एक मोठे काम असे की ते मुळात इथले नसतेच. सर्व्हर असतो दुसऱ्या खंडात, प्रिंटर असतो चाकणच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या डिस्पॅचच्या खिडकीपाशी, म्हणजे इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, आणि त्या दोहोंचा सांभाळ करणारी मुलगी मात्र माणमध्ये रात्रपाळीला बसलेली असते. त्या यंत्रांना हात लावणे तिला शक्य नाही, त्यांना डोळ्यांनी पाहणेही शक्य नाही. तिच्यापाशी आहे ती केवळ आज्ञा. (कारभार दुरूनच का करावा, हे संध्याकाळी हिंजवडीच्या चौकात एकदा अडकलेल्याला पटवून द्यावे लागत नाही.)

डिस्पॅचचा प्रिंटर ही बाहेरच्याला किरकोळ वस्तू वाटेल. पण ट्रकमध्ये माल चढला आहे, ताडपत्री आवळून झाली आहे, ड्रायव्हर चहा पिऊन परत आला आहे, आणि तरी इन्व्हॉइसचा कागद हाती पडत नाही तोवर गेटवरचा रखवालदार दांडी उचलणार नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांनी मालाच्या इन्व्हॉइसच्या तीन प्रती सांगितल्या, एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक पाठवणाऱ्याची. आणि एका ठोक्यात कार्बनखालच्या सगळ्या प्रती उमटवणारा खडखडता डॉट मॅट्रिक्स लेझरच्या युगातही काही खिडक्यांपाशी तग धरून आहे तो अशाच गरजांमुळे. पलीकडे पुढच्या कारखान्याची असेंब्ली लाइन या ट्रकची वाट पाहत असते, कारण सुट्या भागांचा साठा तिथे तासांच्या हिशेबाने ठेवलेला असतो. एवढे सगळे एका कागदाच्या मागे तटलेले असते, तेव्हा माणमध्ये तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, येते की प्रिंट निघत नाही, आणि त्या क्षणापासून आज्ञेचा आरंभ होतो.

तिथली मुले आपसात म्हणतात, कमांड मारली, रिस्टार्ट मारला. या ‘मारण्या’त जो आवेश आहे तो जाणत्याच्या बोटांत मात्र दिसत नाही, आणि मला तर तो आवेशच खटकतो. जाणता प्रशासक दूरच्या सर्व्हरवर शिरला की आरंभीच्या ओळींत काय टंकतो ते पाहावे. एलपीस्टॅट म्हणतो, म्हणजे कोणता प्रिंटर जागा आहे, कोणता थांबला आहे आणि रांगेत कोणाची कामे अडकली आहेत, हे विचारतो. डीएफ म्हणतो, म्हणजे डिस्कवर जागा उरली आहे का, हे विचारतो. अपटाइम म्हणतो, म्हणजे तू कधीपासून जागा आहेस आणि तुझ्यावर भार किती, हे विचारतो. प्रिंटरला पिंग करतो, म्हणजे आहेस ना, अशी हाक देतो. आणि मग छपाईच्या कारभाराची नोंदवही, तिचा लॉग, शेवटच्या पानापासून मागे वाचत जातो. यांतल्या एकाही ओळीने तिकडचे काडीइतकेही काही बदलत नाही. आज्ञेच्या ओळीवर उमटणाऱ्या बहुसंख्य आज्ञा अशा रीतीने प्रश्नच असतात, आणि ज्याच्या हातून प्रश्न थोडे व हुकूम फार निघतात त्याच्याकडे मोठा सर्व्हर सोपवायला अनुभवी माणसे कचरतात.

प्रश्न का विचारायचे, तर रांग आपल्याला जशी वाटते तशी नसते म्हणून. एक बिघडलेले काम रांगेच्या तोंडाशी अडकले की मागची सारी कामे खोळंबतात. खिडकीतला माणूस कागद आला नाही म्हणून पुन्हा प्रिंट देतो, मग पुन्हा देतो, ट्रकवाला ओरडू लागला की आणखी दोनदा देतो. अशा वेळी उतावळ्याने नुसती रांग मोकळी केली तर एकाच इन्व्हॉइसच्या पाच-सहा नकला खडखडत बाहेर पडतात, लेबलचा प्रिंटर असेल तर एकाच बॉक्सचे बारकोड दोन बॉक्सवर चिकटतात, आणि बिघाड संपण्याऐवजी त्याचे घोटाळ्यात रूपांतर होते. आज्ञा बरोबरच होती. तिच्या आधीचा प्रश्न राहून गेला होता.

आता दुसरा पदर. आज्ञा द्यायची कोणाला? हा प्रश्न पोरकट वाटतो, पण आळंदीच्या परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका नसावा. योगसामर्थ्याने दीर्घकाळ जगलेल्या चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने थोर, आणि थोर म्हणून नमस्कार लिहावा तर वयाने लहान, या पेचात त्यांनी कोरा कागदच पाठवला, असे परंपरा सांगते, आणि त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिले, तीच चांगदेवपासष्टी. या कथेत चांगदेवांच्या कोरेपणाची थट्टा करण्याचा प्रघात आहे. मला त्यात त्यांचा प्रामाणिकपणा अधिक दिसतो. समोर कोण आहे हे नीट कळलेले नसताना वाटेल तो मायना ठोकून देण्यापेक्षा कागद कोरा ठेवणे केव्हाही बरे.

कारण दुरून आज्ञा देणाऱ्यापुढे एकाच वेळी पाच-सहा काळे पडदे उघडे असतात, सारखेच दिसणारे, प्रत्येक वेगळ्या सर्व्हरचा. त्यांतला कोणता कोणाचा हे विसरणे क्षणाचे काम आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची एक डिरेक्टरी पुसायची होती. त्याने ती आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. दोन-एक सेकंदांत त्याच्या ध्यानात आले, त्याने ती थांबवलीही, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार उरले होते. राखणीसाठी ठेवलेल्या बॅकअपच्या वाटा ऐनवेळी एकामागून एक निकामी निघाल्या, आणि अखेर जवळजवळ सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक नक्कल कामी आली. मधल्या सहा तासांतले लोकांचे काम मात्र गेले ते गेले. या कंपनीचे एक मोठेपण सांगितले पाहिजे, तिने हे सारे लपवले नाही, घडले तसे जगापुढे मांडले. आणि पुढच्या उपायांत एक उपाय अगदी साधा होता : प्रत्येक सर्व्हरच्या ओळीच्या आरंभी तो कोण आहे हे ठळक दिसेल असे करायचे. आज्ञेच्या आधी नाव, एवढीच ती सुधारणा.

म्हणून जाणते लोक काही बदलण्यापूर्वी दोन लहान ओळी टंकतात. होस्टनेम ही एक, म्हणजे मी कुठे आहे. आणि हूअ‍ॅमआय ही दुसरी, म्हणजे मी कोण आहे. कोऽहम् हा प्रश्न आपल्या परंपरेत ज्या उंचीवर विचारला गेला त्या उंचीचे इथे काही नाही, हे मान्यच. इथे उत्तर येते ते साध्या वापरकर्त्याचे नाव किंवा ‘रूट’, म्हणजे ज्याला त्या यंत्रावर काहीही मना नाही असा सर्वाधिकारी. पण प्रश्न विचारण्याची शिस्त तीच आहे, आणि उत्तरात रूट आले तर बोटे क्षणभर मागे घ्यावीत, असे मी म्हणेन. प्रिंटरच्या बाबतीत तर ‘कोणाला’ हे आणखी निसरडे असते, कारण नेटवर्कवरचे पत्ते कायम राखून ठेवलेले नसले तर बदलतात. ज्या पत्त्यावर काल डिस्पॅचचा प्रिंटर होता तिथे आज दुसराच कोणी बसलेला असू शकतो, आणि मग पगाराच्या चिठ्ठ्या मालाच्या खिडकीत छापल्या जातात. आज्ञा अक्षरशः पाळली गेली, आणि तरीही जिथे पोचायची तिथे पोचली नाही.

अक्षरशः पाळली जाणे हा या आज्ञेचा तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर पदर आहे. माणूस आज्ञा ऐकतो तेव्हा शब्दांबरोबर हेतूही ऐकतो, आणि शब्द चुकले तर हेतू धरून वागतो. मारुतीला वनस्पती ओळखू येईना तेव्हा तो रिकाम्या हाताने परतला नाही, सबंध पर्वत उचलून आला. यंत्राला हेतू ऐकू येत नाही. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा ज्ञानदेवांनी जड भिंत चालवली असे आपण श्रद्धेने सांगतो, आणि जडाला चालवण्यातले महत्त्व असे की जडापाशी स्वतःची समजूत नसते. त्याला चालवायचे तर सारी समजूत चालवणाऱ्यानेच आणावी लागते. गिटलॅबच्या घटनेनंतर महिन्याभरातच, २८ फेब्रुवारी २०१७ ला, अ‍ॅमेझॉनच्या साठवण-सेवेतल्या एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली; तिच्यातली एक नोंद चुकीची टंकली गेली, आणि हवे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर निघाले. उत्तर व्हर्जिनियातल्या त्या केंद्रावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास खोळंबून राहिली. कंपनीने नंतर माणसाला अधिक जपून टंकायला सांगून भागवले नाही. तिने त्या साधनालाच बदलले, जेणेकरून ते सर्व्हर सावकाश काढेल आणि किमान संख्येच्या खाली कोणी काढू म्हटले तर नकार देईल. आज्ञा घेणाऱ्याला नाही म्हणायला शिकवले, आणि हा उपाय मला फार मोलाचा वाटतो.

आज्ञा कशी असावी याचा आपल्याकडचा एक नमुना या ठिकाणी आठवतो. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७० च्या दशकात, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी राखलेली वैरण आताच उधळू नका, रयतेच्या काडीलाही हात लावू नका, एवढे सांगून ते पत्र थांबत नाही. रात्री दिवे जळते ठेवले तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील, इथवर ते जाते. आज्ञा देणारा तिथे हजर नाही, त्याला ती छावणी दिसत नाही, आणि तरी त्या छावणीतला उंदीर त्याला दिसतो. दुरून कारभार करणाऱ्याला जी दृष्टी लागते ती हीच. सर्व्हर थांबवण्याची ओळ टंकण्यापूर्वी त्या सर्व्हरच्या आधाराने पलीकडे काय काय जळत आहे, ते पाहण्याची. त्या पत्राचे दुसरे वैशिष्ट्य असे की ते प्रत्येक मनाईला कारण देते, आणि कारण कळलेला माणूस पत्रात न लिहिलेल्या प्रसंगीही बरोबर वागतो.

छपाईच्या कारभारासाठी लिनक्स आणि मॅकवर जी प्रणाली सर्रास वापरतात ती कप्स, १९९९ मध्ये लोकांसाठी खुली झालेली. तिच्या कर्त्यांनी आज्ञेचा हा भेद किती बारकाईने पाहिला होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते. प्रिंटर थांबवायचा म्हटले तर तिथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. कप्सडिसेबल म्हटले की छपाई थांबते पण रांगेत नवी कामे येत राहतात, म्हणजे दार उघडे आणि हात थांबलेले. कप्सरिजेक्ट म्हटले की नवी कामे नाकारली जातात पण रांगेतली छापून होतात, म्हणजे दार बंद आणि हात चालू. कागद बदलण्यापुरते थांबायचे तर पहिली, प्रिंटर कायमचा काढायचा तर दुसरी. आणि दोन्हींना आपल्या आज्ञेचे कारण जोडण्याची सोय आहे, जे प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्याला दिसते. ‘रोलर बदलतो आहोत, अर्ध्या तासाने सुरू होईल’ एवढे चार शब्द जोडायला कितीसा वेळ लागतो? तरी पुष्कळ ठिकाणी ती जागा रिकामी दिसते, आणि खिडकीतला माणूस पुन्हा पुन्हा प्रिंट देत राहतो.

आणखी आत गेले की अधिकाराचा प्रश्न येतो. दूरच्या यंत्राने माझी आज्ञा का मानावी? पूर्वी टेलनेट नावाच्या वाटेने लोक दूरच्या संगणकावर शिरत, आणि त्या वाटेवर पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे, कोणीही वाचावा असा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच ही नवी वाट बांधली. एफटीपीचे दार २१, टेलनेटचे २३, त्यांच्या मधले रिकामे २२ त्यांनी मागून घेतले आणि ते आजही तेच आहे. या वाटेवर खासगी किल्ली आपल्या यंत्रातून कधीच बाहेर पडत नाही. ती आपल्यापाशी आहे याचा पुरावा तेवढा तिकडे जातो. पण मला महत्त्वाचे वाटते ते याच्या उलट बाजूचे. पहिल्या भेटीत एसएसएच आपल्याला थांबवून त्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवते आणि विचारते की याला ओळखता ना? ओळख इथे दुहेरी आहे. आज्ञा घेणाऱ्यालाही आपण कोण ते सिद्ध करावे लागते. दहातले नऊ जण हा ठसा न वाचताच ‘येस’ टंकतात. श्रद्धेचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको, परंतु न पाहता टंकलेल्या त्या होकाराला श्रद्धा म्हणणे म्हणजे श्रद्धेचा अपमान आहे; तो नुसता कंटाळा आहे.

आणि आज्ञा देण्याचा अधिकार तरी आपला असतो का? न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या संगणक विभागात १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सूडो ही आज्ञा लिहिली, तिने या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर दिले आहे. रूटचा सर्वाधिकार कोणालाच कायमचा देऊ नये. एका कामापुरता, एका ओळीपुरता तो उसना द्यावा, आणि कोणी, केव्हा, कोणत्या जागेवरून, काय करायला तो घेतला याची नोंद ठेवावी. सूडो पहिल्यांदा वापरणाऱ्याला ती आधी छोटेसे प्रवचनच देते. दुसऱ्याचे खासगी ते खासगी राहू द्यावे, विचार आधी आणि टंकन मागून, आणि सामर्थ्याच्या पाठोपाठ येणारी जबाबदारी विसरू नये, असे तीन मुद्द्यांचे. माणमधल्या त्या रात्रपाळीच्या मुलीपाशी जो अधिकार आहे तोही असाच उसना आहे : तिकीट आहे म्हणून ती शिरली, बदलाची मंजुरी आहे म्हणून ती बदलते आहे, ठरलेली वेळ संपली की तिने बाहेर पडायचे आहे. आज्ञा देणारा स्वतः आज्ञेत उभा असतो. आपले संत याच भावाने बोलत आले. गुरूने बोलवले ते बोलतो, असे म्हणून जे शब्द त्यांनी उच्चारले त्यांना जड भिंतीही वश झाल्या, असे आपण मानतो.

अधिकार उसना आहे हे ज्याला उमगले तो आज्ञा मागे घेण्याची सोयही आधी करून ठेवतो. दूरच्या राउटरची मांडणी बदलताना एक मोठे भय असते, चुकीच्या एका ओळीने तो राउटर आपल्यालाच दाराबाहेर काढतो, आणि मग ती चूक दुरुस्त करायला जी वाट हवी तीच उरत नाही. म्हणून ज्युनिपरच्या यंत्रांवर अशी आज्ञा आहे की हा बदल अमलात आण, पण दहा मिनिटांत माझ्याकडून पुन्हा होकार आला नाही तर आपणहून पूर्वस्थितीला जा. सिस्कोच्या यंत्रांवर जुने लोक हेच वेगळ्या रीतीने साधतात. दहा मिनिटांनी स्वतःला पुन्हा सुरू कर, असे आधी सांगून ठेवतात, मग बदल करतात, आणि सगळे सुरळीत असेल तर ती पहिली आज्ञा रद्द करतात. माझ्या मौनाचा अर्थ मी चुकलो असा घे, असे आज्ञा देणाऱ्यानेच सांगून ठेवणे, याहून नम्र आज्ञा मला ठाऊक नाही.

मौनाचा विषय निघाला म्हणून थोडे थांबतो. युनिक्सच्या घराण्यातल्या बहुतेक आज्ञा काम नीट झाले तर काहीच बोलत नाहीत. बोलतात त्या बिनसले तरच. ही सवय साधूची वाटली तरी तिचे मूळ लौकिक आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्माला आले तेव्हा आज्ञा टंकली जाई ती टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर खटखट छापणाऱ्या यंत्रावर. मॉडेल ३३ या प्रसिद्ध टेलिटाइपचा वेग सेकंदाला अवघी दहा अक्षरे. तिथे उगाच बोलणे महाग होते, म्हणून आज्ञाही दोन-दोन अक्षरांच्या झाल्या आणि उत्तरेही आखडली. आज्ञेची ओळ आणि प्रिंटर यांचे नाते असे जन्मापासूनचे आहे. ती पहिल्यांदा उमटली तीच कागदावर.

आणि त्या कागदापाशीच आज्ञेची हद्द संपते. माणमधून रांग पाहता येते, काम रद्द करता येते, कामे शेजारच्या प्रिंटरकडे वळवता येतात, ड्रायव्हर बदलता येतो, प्रिंटर पुन्हा सुरूही करता येतो. पण दात्यांवरून सटकलेला आणि रोलरखाली चुरगळलेला कागद कोणत्याही ओळीने निघत नाही. त्याला बोटे लागतात, आणि बोटे चाकणला आहेत. मग माणमधून फोन जातो : “काका, जरा झाकण उघडून बघता का? डाव्या बाजूला कागद दिसतोय का?” पलीकडचे काका दिवसभराच्या लोडिंगने दमलेले असतात, मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो, आणि सूडो त्यांच्यावर चालत नाही. इथे स्वर बदलावा लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सारे काही सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे वाग. आणि हे स्वातंत्र्य हाती आल्यावरच पुढे अर्जुन म्हणतो की तू सांगशील तसे करीन. ज्याला नाही म्हणता येते त्याच्या होकारालाच अर्थ असतो, म्हणून चेतनाला दिलेली आज्ञा, देणारा कितीही मोठा असो, विनंतीच्या वाटेनेच जाते.

यंत्राशी वर्षानुवर्षे बोलून काही जणांचा आवाज माणसांशीही आखूड आणि हुकमी होतो, हे मी पाहिले आहे. चांगल्या प्रशासकांच्या बाबतीत मात्र याच्या उलट घडते. यंत्राला आधी विचारण्याची, आपण कोणाशी बोलतो आहोत हे ताडून पाहण्याची, कारण सांगण्याची, आपले चुकत असेल तर मागे येण्याची वाट राखण्याची जी सवय आज्ञेच्या ओळीने त्यांना लावली, ती त्यांच्या फोनवरच्या बोलण्यात उतरते. झाकण उघडायला सांगताना ते आधी प्रिंटर बंद करून जरा थांबायला सांगतात, कारण डॉट मॅट्रिक्सचे छापणारे डोके छपाईनंतर तापलेले असते आणि बोट भाजते. चिपळूणच्या पत्रातला उंदीर ज्याने पाहिला त्याला हे भाजणारे बोटही दिसते.

आता एक मागणे, विशेषतः ज्यांच्या हाती असा दूरचा कारभार आहे त्यांच्याकडे. पडद्यावर प्रिंटर तयार असल्याचे दिसले, रांग रिकामी झाली, की तिकीट बंद करून टाकण्याची घाई होते. कामाच्या मोजमापात वेळ मोजला जातो, हेही खरे. पण रांग रिकामी झाली याचा अर्थ कामे प्रिंटरपर्यंत गेली एवढाच. कागद निघाला की नाही, तिन्ही प्रती नीट वाचता येतात की नाही, हे तिकडच्या डोळ्यांनाच ठाऊक. तेव्हा तिकीट बंद करण्यापूर्वी आणखी एक फोन करा, आणि ‘आली प्रिंट’ हा शब्द काकांच्या तोंडून ऐका. ते तिकीट बंद करण्याची आज्ञा देण्याचा अधिकार त्यांचा आहे.